पेडलवरचा पाय

१

ब्रेक किंचाळायला लागले की ह्यांच्या अंगात यायचं. माझी कंबर आठवडाभर धरलेली असली तर ‘बाम लाव’ एवढ्यावर भागायचं, पण गाडीने जरा कुरकुर केली की हातातला घास ताटात टाकून माणूस गॅरेजमध्ये. गॅरेज घराला लागूनच आहे, स्वयंपाकघरातून एक दार थेट तिकडे उघडतं. लग्न माझ्याशी केलं आणि संसार गाडीशी, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि हे तिकडून नुसते हसायचे.

हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. गाडी राहिली. मी ती चालवते, भाजी, बँक, दवाखाना, बास. पण गेले काही दिवस ती थांबताना इतकी कर्कश ओरडायला लागली की सिग्नलला लोक वळून बघायचे. गॅरेजवाल्याने चाकाच्या फटीतून डोकावलं आणि चुकचुकला. पॅड पार संपलेत, डिस्कलाही कडेने धार आली आहे, दोन्ही बदलावं लागेल, पण पुढच्या आठवड्याशिवाय माझ्याकडे जागा नाही म्हणाला. पुढचा आठवडा मला चालणार नव्हता.

कारण लेक येणार होती, बाळाला घेऊन, पहिल्यांदाच. बाळ मी अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलेलं. जावई म्हणाले, तिला टॅक्सी करू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता. मी म्हटलं छे, मी येते ना बसस्टँडवर. लहानपणी लेकीला शाळेतून आणायचं काम ह्यांच्याकडे होतं, आणि हे हमखास गाडीखाली. शाळेचा शिपाई कुलूप हातात घेऊन तिच्याबरोबर फाटकात उभा राहायचा. ते ती अजून विसरलेली नाही.

“आई,” ती म्हणाली, “तू तरी वेळेवर ये. आणि ते ब्रेक नीट करून ये. तसल्या गाडीत मी बाळाला बसवणार नाही.”

“तू उतरशील तेव्हा मी समोर उभी असेन,” मी म्हटलं.

बोलून तर बसले. आता तोंडघशी पडायचं नसेल तर हातपाय हलवणं आलं. स्पेअरपार्टच्या दुकानात जाऊन पॅड आणि डिस्क घेऊन आले. दुकानदार डिस्कला रोटर म्हणतो. चाकामागे फिरणारी लोखंडी थाळी ती, पॅड तिला दोन्हीकडून चिमटतात आणि गाडी थांबते. त्याने विचारलं, मावशी, बसवणार कोण? मी म्हटलं, जिने जन्मभर हे काम ऐकलंय ती.

२

ऐकलंय म्हणजे ऐकलंयच. पाहिलेलं कमी. कारण मी कायम गाडीच्या आत असायचे आणि हे बाहेर.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ब्रेक लागत नाही, म्हणून हे दरवेळी शेवटी हवा काढायचे, आणि ते दोन माणसांचं काम. एकाने आत बसून पेडल दाबायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून एक बारका नट उघडायचा, हवा आणि थोडं तेल बाहेर येऊ द्यायचं, नट आवळायचा. मगच आतल्याने पाय उचलायचा. नट उघडा असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं मुसळ केरात. म्हणून सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा.

सांगायचे कसे, तर पान्याने. ह्यांना ओरडायचा कंटाळा. लोखंडावर एक टक, म्हणजे दाब. दोन टक, म्हणजे सोड. मधल्या वेळात मी दाबून बसलेली, मग तिकडे दूध उतू जावो नाहीतर दारावर कोणी येवो. गॅरेजमध्ये बारा महिने गारठा, त्यामुळे माझा एक पिवळा स्वेटर तिथेच खुंटीवर असायचा, तो चढवायचा आणि सीटवर जाऊन बसायचं. एकदा हे पाना मागायला शेजारी गेले आणि तिथेच गप्पा छाटत बसले. परत आले तर मी तशीच, पाय दाबून. म्हणाले, अगं, उचलायचा ना पाय. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं कुठे? हा किस्सा हे पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

या वेळी हवा काढायची गरज नव्हती. मी नळी उघडणारच नव्हते. नुसते पॅड आणि डिस्क, एकट्या माणसाला जमण्यासारखं. हे मी चारदा ताडून पाहिलं होतं. एकटं राहणाऱ्याला प्रत्येक कामाचं आधी तेच बघावं लागतं.

३

लेकीची बस संध्याकाळी यायची होती. सकाळची कामं उरकून गॅरेजमध्ये उतरले. ह्यांचा निळा शर्ट अंगात चढवला, तोच, ज्याच्या पाठीवर माझ्या हातून इस्त्रीचा तिकोनी डाग पडला होता. बाहेर धुळीचा वारा सुटला होता म्हणून शटर खाली ओढून घेतलं. बल्ब लावला. गाडी नेहमीसारखी मागे घेऊन लावलेली, मागचे दिवे जवळजवळ भिंतीला टेकलेले. ड्रायव्हरच्या बाजूला, थोडं पुढे, आमचं लग्नातलं कपाट आहे. घरात मावेना म्हणून इथे आणून ठेवलं. त्याच्या दाराला मोठा आरसा आहे, त्यात गाडीची ती सगळी बाजू दिसते.

आधी पलीकडचं चाक घेतलं. मागच्या चाकांना अडसर म्हणून विटा लावल्या, नट सैल केले, जॅक चढवला, खाली आधाराला लोखंडी घोडी सरकवली. चाक निघालं तेव्हा मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगायला कोणी नव्हतं म्हणून चाकालाच शाबास म्हटलं.

पॅडना दाबणारा तो कॅलिपर, तो सोडवून तारेने वर टांगला, ह्यांच्यासारखाच. त्याच्या पोटात एक वाटीसारखा पिस्टन असतो. पेडल दाबलं की तो बाहेर येतो. नवीन पॅड जाड असतात, म्हणून त्याला शिकंजा लावून पूर्ण आत ढकलावं लागतं. मनगटं भरून आली, पण ढकलला. अगदी कडेला कड लागेपर्यंत. मग म्हटलं, झाला एवढा पराक्रम पुष्कळ, चहा घेऊ.

चहा घेऊन आले तर पिस्टन बाहेर आला होता.

मी कप तसाच धरून उभी राहिले. बोटभर बाहेर, कोरडा, चकचकीत. आधी वाटलं, मीच अर्धवट ढकलला असेन. मग वाटलं, जुनं तेल, आतला दाब, काहीही असेल. पण मला जे दोन-चार धडे पक्के माहीत आहेत त्यात हा आहे: पिस्टन आपल्या मनाने बाहेर येत नाही. पेडल दाबल्याशिवाय नाही. गाडीची चारही दारं बंद होती. किल्ली माझ्या खिशात होती, शर्टाच्या खिशात, छातीला टोचत होती.

गाडीला कुलूप लावलं. परत शिकंजा लावला, परत ढकलला, आणि या वेळी तिथून हलले नाही. नवीन डिस्क बसवली, पॅड बसवले, कॅलिपर आवळला, चाक चढवलं. काही झालं नाही. स्वतःशीच म्हटलं, म्हातारपणी आपण काय केलं आणि काय करायचं राहिलं याचा घोळ होतोच. तसं म्हणताना सीटची स्प्रिंग वाजली. ड्रायव्हरच्या सीटची. बूड जरा हलवलं की वाजते तशी. त्या सीटवर मी इतकी वर्षं ताटकळत बसले आहे की तो आवाज झोपेतही ओळखेन.

काचेतून वाकून पाहिलं. सीट रिकामी होती.

४

ड्रायव्हरच्या बाजूचं चाक काढलं तेव्हा दुपार उलटली होती. कॅलिपर टांगला, पिस्टन ढकलला, आणि त्याच्याकडे बघत बघतच पुढचं काम धरलं. इथली जुनी डिस्क गंजून मागे घट्ट बसली होती. ओढून निघेना. हातोडी वरच्या फळीवर राहिलेली, म्हणून हातातल्या मोठ्या पान्यानेच तिच्यावर एक ठेवून दिली.

मागची भिंत लाल झाली.

ब्रेकचे दिवे. पेडलवर पाय पडला की लागतात ते. उजेड सिमेंटवर पसरला होता आणि तसाच राहिला. मी खाली बसलेली, पाना हातात, आणि माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, पिस्टन सावकाश बाहेर सरकायला लागला. घाई नाही, झटका नाही. ब्रेक कसा हळूहळू दाबायचा हे शिकवलेल्या माणसाने दाबावा तसा.

माझं डोकं तरीही हिशेब करत होतं. वायरिंग बिघडलं असेल. दणक्याने पेडलचा स्विच चिकटला असेल. पण दिवा स्विचने लागेल, पिस्टनला कोण ढकलणार? एवढा विचार झाला आणि पुढचा करवेना.

मग मी जे केलं ते का केलं, विचारू नका. डिस्कवर पान्याने दोनदा वाजवलं. टक, टक.

भिंत विझली.

एकदा वाजवलं. भिंत लाल. थांबले. खूप वेळ थांबले, मुद्दाम, कारण मला बघायचं होतं. लाल तशीच. सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. दोनदा वाजवलं. अंधार.

खोटं कशाला बोलू, मला भीती नंतर वाटली. आधी रडू आलं. वर्षभर या घरात मी बोलते ते भिंतींना. टीव्ही लावते तो आवाजासाठी. दोन कप काढते आणि एक परत ठेवते. आणि इथे कोणीतरी माझं ऐकत होतं, मी सांगेन तसं करत होतं. मी गुडघ्यांवर बसून एकदा वाजवायचे, दोनदा वाजवायचे, आणि भिंत लागायची, विझायची. किती वेळ तसं करत बसले कोण जाणे. पिस्टन पार बाहेर यायला आला तेव्हा भानावर आले आणि घाईघाईने शिकंजा लावला.

“अहो,” मी म्हटलं. “आत बसलात होय?”

आणि तेव्हा मला ते सुचलं, जे खरं तर पहिल्यांदाच सुचायला हवं होतं. हे कधीच आत बसले नव्हते. हे कायम इथे बसायचे, मी आत्ता बसले आहे तिथे. एका टकेला पाय दाबून सांगेपर्यंत धरून ठेवणारं माणूस या घरात एकच होतं.

५

समोर कपाट होतं. मान वर केली की आरशात ड्रायव्हरची खिडकी दिसणार, हे मला माहीत होतं. म्हणून बराच वेळ मान वर केली नाही. हातातल्या फडक्याने पान्यावरचं ग्रीस पुसत राहिले. पुसून पुसून पाना चांदीचा झाला.

मग वर पाहिलं. क्षणभरच.

खिडकीच्या काचेला एक कोपर टेकलं होतं. पिवळ्या लोकरीचं. कोपराला उसवलेलं, आणि मी वेगळ्याच रंगाच्या धाग्याने शिवलेलं.

उभी राहिले तेव्हा गुडघे वाजले. सीट रिकामी, काच कोरी. दार ओढून पाहिलं, कुलूप होतं. मी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. तो स्वेटर मी मागच्याच महिन्यात कापला होता. आता गॅरेजमध्ये कोण बसणार आहे म्हणून त्याची फडकी केली. कोपराची शिवण याच तुकड्यावर होती, माझ्या मुठीत, काळ्या ग्रीसने माखलेली.

सगळं सोडून घरात जावं, दाराला कडी घालावी, लेकीला टॅक्सी कर म्हणून सांगावं, हे मनात आलं नाही असं नाही. मग तिचा आवाज आठवला. तू तरी. फोन करून नाही येत म्हणाले असते तर ती ‘बरं’ म्हणाली असती. तो ‘बरं’ मला ऐकायचा नव्हता. मी हातोडी आणली, डिस्क खालून ठोकून काढली, खाली मान घालून नवीन बसवली. रामराम म्हणत पॅड बसवले. कॅलिपर आवळला. आरशाकडे पाठ केली होती आणि पाठीला तो आरसा सारखा जाणवत होता.

६

आता चाक तेवढं चढवायचं राहिलं. पण त्याआधी पेडल दाबून घ्यावं लागतं. पिस्टन आत ढकललेले असतात. ते पॅडला येऊन टेकेपर्यंत पेडल पोकळ जातं. तसंच रस्त्यावर गेलं तर पहिल्या वळणावर गाडी थांबत नाही. हे चुकवून चालणार नव्हतं, बाळाला घेऊन यायचं होतं.

मी सीटवर न बसता ते करायचा प्रयत्न केला. दार उघडून, बाहेरून वाकून हाताने पेडल दाबलं. जोर येईना. काठी लावून पाहिलं, ती निसटली. तेवढ्यात फोन वाजला. लेक. बस नदीवरचा पूल ओलांडून आली होती, आता अर्ध्या तासात स्टँडला. मागून बाळाचा आवाज येत होता, काहीतरी स्वतःशीच बडबडत होतं.

“निघालीस ना?” तिने विचारलं.

“निघालेच,” मी म्हटलं. फोन बॉनेटवर ठेवला आणि सीटवर बसले. स्प्रिंग वाजली.

पेडल दाबलं, पोकळ. पुन्हा दाबलं, पोकळ. मग पायाखाली जरासं काही लागलं, मग आणखी, मग पेडल घट्ट झालं. छान, दगडासारखं. मागच्या काचेत भिंत लाल दिसत होती, आणि या वेळी ती मीच केली होती. इतकं हलकं वाटलं. मला जमलं होतं, एकटीला. चाक लावायचं, हात धुवायचे, निघायचं. मी पाय उचलणार, तेवढ्यात बाहेरून, उघड्या चाकापाशी, लोखंडावर आवाज झाला.

टक.

एकच.

गरम झालेलं लोखंड थंड होताना वाजतं, मी मनात म्हटलं. पण गाडी दिवसभर जागची हललेली नाही, कशाने गरम होईल? तरी म्हटलं, उचल पाय. आणि मग पेडल माझ्या पायाखाली आपोआप खाली जायला लागलं. हळूहळू, तळाला लागेपर्यंत. नट उघडल्यावर जातं तसं. त्या नटाला मी दिवसभर हात लावला नव्हता. पाठोपाठ थेंब पडायला लागले, पत्र्याच्या डब्यात. हे तेल धरायला वापरायचे तो डबा. तो वर फळीवर होता, मी काढला नव्हता.

फोन वाजायला लागला. बॉनेटवर थरथरत जरा जरा सरकतोय, मला काचेतून दिसतोय. हात पोचत नाही. हात पोचवायचा तर पाय उचलावा लागेल, आणि नट उघडा आहे. आत्ता पाय उचलला तर हवा शिरेल. हवा शिरली की ब्रेक गेले. त्या ब्रेकवर मी बाळाला बसवून आणू?

कपाटाच्या आरशात चाकाची जागा दिसते. तिथे कोणीतरी उकिडवं बसलं आहे. पाठ माझ्याकडे. निळा शर्ट, मध्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग.

“अहो,” मी म्हटलं. काम करताना हे ओ द्यायचे नाहीत, कधीच नाही. पाठ हलली नाही. खांदा तेवढा हलतो आहे, नट फिरवताना हलतो तसा.

तो शर्ट मी सकाळपासून घातलेला आहे. माझ्या अंगावर आत्ता काय आहे ते मी खाली मान घालून बघितलेलं नाही. मनगटाला लोकर टोचते आहे, आणि थंडी वाजायची थांबली आहे.

शटरच्या फटीतून येणारा उजेड गेला. फोन थांबला, परत वाजला, परत थांबला. स्टँडवर आता बस येऊन गेली असेल. ती एका खांद्यावर बाळ आणि एका खांद्यावर पिशवी घेऊन फाटकाकडे बघत उभी असेल. आतापर्यंत दिवेही लागले असतील तिकडे. मी तिला शब्द दिला होता, आणि माझा पाय भरून आला आहे, पोटरीत गोळा आला आहे, आणि मी दाबून बसले आहे. ब्रेकसाठी, बाळासाठी, असं मी स्वतःला सांगते आहे. पण खरं सांगू का? पाय उचलला की त्या चाकापाशी कोणी नसेल. मग मी चाक चढवीन, हात धुवीन आणि या घरात परत मला ‘थांब’ म्हणणारंसुद्धा कोणी उरणार नाही.

फोन परत वाजतो आहे. सरकत सरकत तो बॉनेटच्या कडेला आला आहे.

येतेच गं. आता होईल. दोन टक वाजले की निघालेच.